ओझोन यंत्रांवर ओझोन-निर्मितीचा आकडा छापा

संपादक महोदय,

पावसाळ्यात घराला किंवा गाडीला कुबट वास येऊ लागला की ‘ओझोन ट्रीटमेंट’च्या जाहिराती दिसू लागतात. ‘रसायनमुक्त’, ‘ताजा प्राणवायू’ असे दावे त्यांत असतात. पण ओझोन म्हणजे प्राणवायू नव्हे. त्याच्या रेणूतला तिसरा अणू सुटून समोर येईल त्याचे ऑक्सिडीकरण करतो. वासाच्या कणांचे करतो तसेच श्वासमार्गाच्या अस्तराचेही. शिवाय ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे अमोनियासारखा तो नाकाघशातच न थांबता फुप्फुसांत खोलवर पोहोचतो.

कारखान्यांसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा ०.१ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग), म्हणजे घनमीटरला सुमारे ०.२ मिलिग्रॅम आहे. घरात दम्याचे रुग्ण, लहान मुले, वृद्ध असतात, तिथे ०.०५ पीपीएमच्या खालीच राहावे. ५ पीपीएम ही पातळी जिवाला तत्काळ धोकादायक मानली जाते.

आता हिशेब पाहा. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे ३४ घनमीटर. तिथे ०.१ पीपीएम व्हायला जेमतेम ७ मिलिग्रॅम ओझोन पुरतो. तासाला १ ग्रॅम ओझोन देणारे यंत्र तो २५ सेकंदांत तयार करते. भाजी धुण्याच्या, तासाला ४०० मिलिग्रॅम देणाऱ्या यंत्राला मिनिटभर लागते. भिंती, पडदे थोडा ओझोन शोषतात हे खरे, पण या वेगापुढे ते अपुरेच. बाजारात १० ग्रॅमची यंत्रेही सर्रास मिळतात आणि मोटारीच्या आतली जागा असते तीनेक घनमीटर! मर्यादेच्या आत राहील इतक्या ओझोनने ना जंतू मरतात, ना वास जातो. म्हणूनच ‘माणसे असतानाही सुरक्षित’ आणि ‘जंतुनाशक’ हे दोन्ही दावे एकाच यंत्राच्या खोक्यावर असले, तर त्यातला एक खोटा असतो.

वास येतो म्हणजे धोका कळेल, या भरवशावरही राहू नये. नाक काही मिनिटांत सरावते. एन-९५ मास्क धूलिकण अडवतो, वायू नाही. लिंबाच्या वासाचे फ्लोअर क्लीनर किंवा रूम फ्रेशनर वापरलेल्या खोलीत ओझोन सोडला, तर फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. रबराला भेगा पडतात ते वेगळेच.

तरीही यंत्र वापरायचेच असेल, तर खोलीत माणूस, पाळीव प्राणी, कुंडी काहीही ठेवू नये. दाराखालची फट बंद करावी, दारावर सूचना लावावी. यंत्राचा टायमर आणि एक्झॉस्ट फॅनचे बटण खोलीबाहेरून चालले पाहिजे. यंत्र बंद करायला आत गेल्यावरही त्रास होऊ शकतो. यंत्र थांबल्यावर किमान दोन तास जाऊ द्यावेत, मग फॅन लावून हवा बाहेर काढावी. आत जाण्याआधी ०.०१ पीपीएम इतकी कमी पातळीही मोजणाऱ्या, वेळच्या वेळी कॅलिब्रेट केलेल्या (अचूकता तपासून घेतलेल्या) मीटरने पातळी ०.०५ पीपीएमच्या खाली आल्याची खात्री करावी. भिंतीत ओल असेल तर हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे. गळती बंद केल्याशिवाय बुरशी परत येणारच.

खोकला, छातीत जळजळ, खोल श्वास घेताना दुखणे अशी लक्षणे दिसली तर लगेच मोकळ्या हवेत जाऊन बसावे, चालणे-फिरणे टाळावे आणि डॉक्टरांना ओझोनचा संपर्क आल्याचे आवर्जून सांगावे. जास्त मात्रा गेली असेल तर फुप्फुसांत पाणी होण्याची लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. म्हणून बरे वाटले तरी त्या रात्री एकटे झोपू नये.

कारखान्यांची मर्यादा घरांना आणि छोट्या गॅरेजना लागू होत नाही. प्रत्येक यंत्रावर तासाला किती मिलिग्रॅम ओझोन निघतो आणि किती आकाराच्या जागेसाठी ते आहे, हे मराठीत छापणे सक्तीचे करावे. गाडी ग्राहकाच्या ताब्यात देताना गॅरेजने ओझोन मीटरचा आकडा पावतीवर लिहून द्यावा.

– औद्योगिक सुरक्षा क्षेत्रातील एक वाचक, ठाणे