‘प्रिकोशस’ हे ‘पक्व’चे भावंड, अपत्य नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेखात ‘प्रिकोशस’ (वयाच्या मानाने लवकर समज आलेला) हे इंग्रजी विशेषण संस्कृत ‘पक्व’पासून निघाले, असे विधान आहे. लेखकाने नाते बरोबर हेरले. मात्र भावंडाला अपत्य ठरवले.

हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात आला तो लॅटिन ‘प्रेकॉक्स’वरून. ‘प्रे’ म्हणजे आधी आणि ‘कोक्वेरे’ म्हणजे शिजवणे किंवा पिकवणे; त्यामुळे प्रारंभी तो वेळेआधी फुलणाऱ्या-फळणाऱ्या झाडांना लावत, आणि हुशार मुलांच्या वाट्याला पुढे आला. आपल्याकडच्या गुऱ्हाळातला ‘पाक’ आणि शेतातले ‘पीक’ जसे एकाच ‘पच्’ धातूशी पोचतात, तसे लॅटिननेही शिजणे-पिकणे एका क्रियापदात बसवले. आपले ‘अकालपक्व’ हे त्याचे जवळजवळ अवयवशः प्रतिरूप आहे. (जर्दाळूचे ‘ॲप्रिकॉट’ हे नावही याच लॅटिन शब्दाचे, अरबीतून फिरून आलेले रूप आहे.)

मग ‘कोक्वेरे’त ‘प’ कुठे गेला? पुढच्या ‘क्व’च्या ओढीने लॅटिनमध्ये आरंभीचा ‘प’ही ‘क्व’ झाला. हा अपवाद नव्हे, कारण संस्कृत ‘पंच’ला लॅटिनमध्ये ‘क्विंक्वे’ म्हणतात, तेथेही नेमके हेच घडले आहे. ग्रीकने ‘प’ राखला. डॉक्टरांच्या तोंडचा ‘पेप्टिक’ (पचनाशी संबंधित) त्याच घरातला. उलट ‘पंच’ आणि ‘पचति’ यांतला ‘च’ हा संस्कृतने केलेला बदल असून त्या जागचा जुना कंठ्य (‘क’सारखा) ध्वनी लॅटिनमध्ये टिकून आहे. जो ध्वनी संस्कृतात आधीच बदलला होता, तो लॅटिनला संस्कृतातून कसा मिळेल? संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असून तो कदाचित आज अस्तित्वात नसेल, असे भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ मध्येच मांडले होते. संस्कृतला आई न मानता थोरली बहीण मानल्याने तिचा मान कमी होतो, असे मला वाटत नाही.

लेखकाला आपल्याकडून थेट इंग्रजीत गेलेले विशेषण हवेच असेल, तर ‘पक्का’ आहे. ‘पक्व’पासून प्राकृतमार्गे घडलेला हा शब्द इंग्रजांनी येथील बाजारात ऐकून उचलला, आणि यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात तो ‘कच्चा’सह नोंदलेला आहे.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर