मशीन दुरुस्तीला गेलं, मग मुलानं ऐकायचं कशानं?

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
कॉक्लिअर इम्प्लांट विभाग

विषय : वॉरंटीतल्या स्पीच प्रोसेसरची दुरुस्ती नाकारल्याबद्दल आणि तोपर्यंत बदली प्रोसेसर न दिल्याबद्दल तक्रार

महोदय,

माझ्या मुलाचा स्पीच प्रोसेसर, म्हणजे ऑपरेशननं बसवलेल्या इम्प्लांटला आवाज पोचवणारं कानामागचं मशीन, जुलैपासून तुमच्या मुंबईच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पडून आहे. वॉरंटी तीन वर्षांची, मशीन घेऊन झाली अडीच. तरीही ‘आत ओलावा गेल्याचे आढळले, वॉरंटी लागू नाही’ एवढ्या एका ओळीचा ईमेल आला आणि त्याखाली नव्या मॉडेलचं साडेतीन लाखांच्या वरचं कोटेशन. जुन्या मशीनला काय झालं ते एका ओळीत आटोपलं होतं. नव्याचे रंग मात्र फोटोंसकट होते.

त्याआधी हेल्पलाइनवर जे झालं तेही सांगते. फोन घेणाऱ्या मुलीनं विचारलं, “युजरशी बोलणं होईल का मॅडम? व्हेरिफिकेशन करायचंय.” युजर साडेचार वर्षांचा आहे. त्याला ऐकू येत नाही, आणि ज्यानं येतं ते तुमच्याकडे आहे, असं मी सांगितलं. त्यावर तिनं मला होल्डवर ठेवून संगीत ऐकवलं. तिचा राग नाही, तिच्या समोरच्या स्क्रीनवर जे लिहिलंय ते ती वाचणार. पण कर्णबधिरांसाठी यंत्रं विकणाऱ्या कंपनीची तक्रार नोंदवायची सोय फक्त फोनवर असावी, याचं तुमच्याकडे कुणालाच काही वाटलं नाही का?

आता मशीनबद्दल. आमच्या घरी रोज सकाळी मशीन लावलं की सहा आवाजांची तपासणी होते : आ, ई, ऊ, म, श, स. मी त्याच्या मागे उभी राहून, तोंडापुढे हात धरून म्हणते. ऐकू आलं की तो डब्यात एक मणी टाकतो. त्याला ऐकायला-बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्टनी पहिल्या महिन्यातच ही सवय लावली. ‘म’ खालच्या पट्टीतला, ‘स’ सगळ्यात वरचा, त्यामुळे सहा आवाजांत बोलण्याचा सगळा पट्टा तपासून होतो. जुलैमध्ये एका सकाळी ‘श’ आणि ‘स’ला मणी पडला नाही. दुसऱ्या दिवशी ‘ई’ला पडला नाही. नंतर मशीन खरखरायला लागलं असावं, कारण तो ते ओढून काढू लागला. आम्ही डोक्याला चिकटणारी कॉइल बदलून पाहिली, केबल बदलली (केबल आधी जाते हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून एक जादा घेऊनच ठेवतो, तीही तुमच्याच दरानं), बॅटरी नवीन घातली. पुण्याच्या ऑडिऑलॉजिस्टनी (श्रवणतज्ज्ञांनी) त्यांच्या कंप्युटरला जोडून बघितलं आणि दोष प्रोसेसरमध्येच आहे असं लेखी दिलं. तो कागद सोबत आहे.

ओलाव्याचं म्हणाल, तर मशीन रोज रात्री ओलावा शोषणाऱ्या ड्राय बॉक्समध्ये ठेवलं जातं. आतल्या कॅप्सूल ठरल्या वेळी बदलल्यात आणि त्या तुमच्याकडूनच घेतल्यात, बिलं तुमच्याच खात्यात सापडतील. मशीन दिवसाला किती तास लावलं जातं आणि कॉइल कधी सुटली याची नोंद प्रोसेसर स्वतःच ठेवतो. ती उघडून बघा, कोणत्या घरात हे मशीन कसं वापरलं जातं ते कळेल. आणि विकताना दिलेल्या माहितीपुस्तिकेत ‘आयपी ६८’ असं ठळक छापलंय. त्यातला ६ धुळीचा आणि ८ पाण्याचा : धूळ आत जाणार नाही आणि ठरलेल्या खोलीपर्यंत पाण्यात बुडालं तरी चालेल. जे यंत्र पाण्यात बुडालं तरी चालतं, ते साताऱ्याच्या पावसाळ्यात खिडक्या बंद असलेल्या घरात ओलाव्यानं जातं, हे कसं? पाऊस इथे चार महिने असतो. त्यात टिकत नसेल तर पुस्तिकेतलं वाक्य खोटं, आणि टिकायला हवं असेल तर मशीन सदोष. दोन्ही बाजू तुम्हाला मिळणार नाहीत.

पण माझी मोठी तक्रार याहून वेगळी आहे. मिक्सर बिघडला तर पाटा-वरवंटा असतो. इथे तसं काही नाही. त्याचं इम्प्लांट एकाच कानात आहे, आणि मशीन काढलं की त्याला काहीही ऐकू येत नाही. गणपतीत ढोल दारावरून गेला तरी तो झोपलेला असतो. डोक्याच्या आत तुमच्या कंपनीचं इम्प्लांट बसवलंय, म्हणजे बाहेरचा प्रोसेसरही तुमचाच लागणार. दुसऱ्या कंपनीचा त्यावर चालत नाही. मला राग आला म्हणून मी दुकान बदलू शकत नाही. हा ग्राहक तुम्हाला जन्मभर बांधलेला आहे, आणि दुरुस्तीच्या काळात त्याला वाऱ्यावर सोडायचं हे तुमचं धोरण आहे. ‘बॅकअप प्रोसेसर फक्त प्रीमियम प्लॅन घेतलेल्यांना’ असं मला सांगितलं गेलं. हा प्लॅन ऑपरेशनच्या आधी तुमच्या प्रतिनिधीनं एकदाही बोलून दाखवला नाही. तेव्हा शब्द होते ‘आयुष्यभराची साथ’. मिस्टरांचा पीएफ आणि पतसंस्थेचं कर्ज त्या शब्दांवर उभं राहिलं.

बदली मशीन देणं अवघडही नाही. त्याचा मॅप, म्हणजे त्याच्या कानाला मानवेल असं केलेलं सेटिंग, पुण्याच्या क्लिनिकमध्ये जपून ठेवलेलं आहे. तुम्ही त्याच मॉडेलचा एक प्रोसेसर तिथे पाठवलात तर तो मॅप त्यावर चढवून मुलाला ऐकू यायला लागेल. ऑडिऑलॉजिस्ट तयार आहेत, त्यांनी तुम्हाला ईमेलही केलाय. अडलंय ते फक्त तुमच्याकडे.

या आठवड्यांत काय झालं ते तुमच्या दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये लिहायला रकाना नाही, म्हणून इथे लिहिते. मे महिन्यात तो ‘मला पण दे’ म्हणायला लागला होता. तीन शब्द, तेही आपणहून. आता तो पुन्हा हात धरून ओढत नेतो आणि बोट दाखवतो. शब्दांच्या शेवटचे आवाज गळायला लागलेत, हे थेरपिस्टनी वहीत नोंदवलंय. आवाज चढा लागतो, कारण स्वतःचा आवाजच त्याला ऐकू येत नाही. सकाळी उठला की तो कानामागे हात लावतो आणि माझ्याकडे बघतो. भाषा पकडण्याचं हे वय आहे. ऑपरेशन लवकर करा म्हणून तुमच्याच लोकांनी आमच्यामागे घाई लावली होती, ती यासाठीच ना? तेव्हा एकेक महिना मोलाचा होता. आता तो कसा नाही?

बालवाडीतून निरोप आला, ‘मशीन येईपर्यंत घरीच ठेवा, त्याला कळत नाही आणि तो चिडतो.’ मी जाऊन बोलले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सर्वसमावेशक शिक्षणाची तरतूद आहे हे सांगितलं, त्याला पुढे बसवा, चित्रं दाखवा, तोंड दिसेल असं बोला हेही सांगितलं. बाईंनी ऐकलं, तो जातोय. पण तुमच्या बंद पडलेल्या यंत्रासाठी मी शाळेत भांडत होते, एवढं लक्षात असू द्या. नातेवाइकांपैकी काहींनी सुचवलं की मग खुणांचीच भाषा शिकवा. तीही शिकवू, तिच्याशी आमचं वैर नाही. ज्या घरांतून ती बोलली जाते तिथली मुलं छान वाढतात. पण तो निर्णय आमचा असेल. तुमचं मशीन मिळत नाही म्हणून तो घ्यायचा नाही.

तर माझी मागणी अशी. हे पत्र मिळाल्यापासून आठ दिवसांत चालू स्थितीतला बदली प्रोसेसर पुण्याच्या क्लिनिकला पोचवा. मूळ प्रोसेसर वॉरंटीत विनामूल्य दुरुस्त करा किंवा बदलून द्या, आणि तुमच्या ताब्यात तो जितका काळ राहिला तितकी वॉरंटी वाढवा. ओलाव्याचा दावा कायम ठेवायचा असेल तर तपासणी कुणी केली, कशी केली आणि आत काय दिसलं, याचा सही असलेला अहवाल फोटोंसह द्या. लहान मुलांसाठी बदली मशीन प्लॅनवर न ठेवता विक्रीचाच भाग करावा, असंही माझं म्हणणं आहे. त्याचं उत्तर लगेच नको, पण लेखी हवं.

पंधरा दिवसांत यावर काही झालं नाही तर मी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली तक्रार करीन : सदोष वस्तू, सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात, तिन्हींसाठी. त्या कायद्यानं ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे तारखांना मुंबईला मी येणार नाही, तुम्हाला साताऱ्याला यावं लागेल. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केलेली आहे. या पत्राची प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला पाठवत आहे. आमच्या थेरपी सेंटरमधल्या ज्या पालकांकडे तुमचंच मशीन आहे त्यांनी हे पत्र वाचलंय. त्यांतल्या काहींची कहाणी वेगळी नाही, ते आपापली पत्रं लिहीत आहेत.

उत्तर ईमेलवर द्यावे, फोनवर नको. बोलणं झाल्याचा पुरावा राहत नाही.

आपली,
साडेचार वर्षांच्या तुमच्या ग्राहकाची आई
सातारा

सोबत : खरेदीचे बिल व वॉरंटी कार्ड, ऑडिऑलॉजिस्टचे पत्र, थेरपीच्या वहीतील पानांच्या प्रती, ड्राय बॉक्स कॅप्सूलची बिले, तुमच्या माहितीपुस्तिकेचे पान, कुरिअरची पावती.