जीटीआरचं माहेर

प्रिय पक्या,

तुझा मेसेज वाचला, "जीटीआर म्हणजे निसान, विषय संपला". जीटीआर, म्हणजे तुझी ती लाडकी स्कायलाइन जीटीआर, निसानची वेगवान गाडी. अरे कॉलेजपासून तू हेच ऐकवतोयस आणि मीही मुकाट मान हलवत आलोय, पण गेल्या रविवारी जपानमध्ये झामाला जाऊन आलो, तिथे निसानच्या जुन्या गाड्यांचं कलेक्शन आहे, आणि तिथे आर३८० ही रेसिंग कार समोर दिसली तेव्हाच ठरवलं की तुला आता पत्रच लिहायचं. उंची जेमतेम आपल्या कमरेएवढी, अॅल्युमिनियमची बॉडी, इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे. आज ती निसानच्या घरात आहे, पण तिचं माहेर वेगळं, तिचं माहेर प्रिन्स.

प्रिन्स मोटर म्हणजे खरं तर युद्धानंतर बेकार झालेले विमानवाले. एक गट ताचिकावा कंपनीचा, दुसरा नाकाजिमाचा. युद्ध हरल्यावर विमानं बनवायला बंदी, मग करणार काय, गाड्या बनवायला लागले. त्यांचा रेसिंगचा कर्ताधर्ता नाकागावा, त्याने तर नाकाजिमात होमारे हे विमानाचं इंजिन डिझाइन केलं होतं, आणि मला वाटतं हे डोकं आर३८० मध्ये दिसतं.

आता मेन गोष्ट ऐक. मे १९६४, सुझुकाचा ट्रॅक, दुसरी जपान ग्रांप्री, म्हणजे गाड्यांची मोठी रेस. प्रिन्सकडे होती स्कायलाइन, चार सिलिंडरची साधी फॅमिली गाडी. साकुराई नावाच्या इंजिनिअरने काय केलं, तिचं नाक २० सेंटीमीटर लांब केलं आणि आत प्रिन्सच्याच ग्लोरिया गाडीचं दोन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन कोंबलं. नियमात बसायला असल्या १०० गाड्या बनवल्या. सगळं जुळून आलं, आणि ऐन वेळी शिकिबा नावाचा पठ्ठ्या पोर्शे ९०४ घेऊन हजर! खरीखुरी रेसिंग कार रे, तिच्यापुढे आपली चार दरवाज्यांची सेडान. प्रॅक्टिसमध्ये पोर्शे ठोकली गेली तरी कशीबशी दुरुस्त करून उभी केली त्यांनी. आणि सातव्या लॅपला इकुझावा तेत्सुची स्कायलाइन पोर्शेच्या पुढे! स्टँडमधली पब्लिक वेडी झाली म्हणतात. एकच लॅप, मग पोर्शे परत पुढे गेली आणि जिंकलीसुद्धा. पण दुसऱ्यापासून सहाव्या नंबरापर्यंत सगळ्या स्कायलाइन. हरूनही हिरो झाली ती गाडी. पण प्रिन्सवाल्यांना त्या टाळ्या पचल्या नाहीत, सेडान घेऊन पोर्शेला हरवता येत नाही हे त्यांना कळलं, आणि मला ते तिथेच आवडले.

मग त्यांनी इंग्लंडहून ब्राबहॅम या रेसिंग कार कंपनीची चॅसी मागवली, खोलून अभ्यास केला आणि स्वतःची गाडी उभी केली, तीच आर३८०. इंजिन जीआर८, १९९६ सीसी, डबल कॅम, २४ व्हॉल्व्ह, साधारण २०० हॉर्सपॉवर, वेबरचे कार्ब्युरेटर. १९६५ ची ग्रांप्री रद्द झाली म्हणून याताबेच्या ट्रॅकवर स्पीड रेकॉर्ड करायला गेले, पहिल्या प्रयत्नात गाडी ठोकली, दुसऱ्यांदा गेले तेव्हा काम झालं.

३ मे १९६६, नवं कोरं फुजी स्पीडवे, ६० लॅप. यावेळी समोर पोर्शे ९०६ आणि ड्रायव्हर ताकी. प्रिन्सच्या इकुझावाने त्याला बराच वेळ अडवून धरलं, तोवर प्रिन्सचाच सुनाको पुढे. पण खरी गंमत पिटमध्ये. प्रिन्सने पेट्रोल भरायला उंचावर टाकी बांधली होती, वरून धबाधब पेट्रोल खाली, काही सेकंदांत गाडी बाहेर. पोर्शेवाले मात्र भरतच बसले. म्हणजे ताकीची वाट टाकीने लावली (सॉरी, राहवलं नाही). नंतर तो ठोकून बाहेरच पडला. सुनाको पहिला, दुसरी पण आर३८० च.

आणि ऑगस्टमध्ये, म्हणजे तीनच महिन्यांत, प्रिन्स निसानमध्ये विलीन. लग्न लागलं, आडनाव बदललं, १९६७ च्या ग्रांप्रीत तीच गाडी निसान आर३८० म्हणून उतरली आणि हरली. कुणाकडून माहितीये? इकुझावाकडून! तो आता पोर्शे ९०६ घेऊन आला होता. असलं काही सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू काय फेकतात.

आता तुझा मुद्दा. १९६९ ची पहिली स्कायलाइन जीटीआर घे. तिचं एस२० इंजिन, सहा सिलिंडर, २४ व्हॉल्व्ह, १६० हॉर्सपॉवर, ते आलं त्याच जीआर८ च्या घरातून, रस्त्यासाठी जरा शांत केलेलं. स्कायलाइन हे नावही प्रिन्सचंच. तर मग निसानचं काय, सांग? बॅज!

मिसळीची पैज आठवतेय ना? डिसेंबरमध्ये येतोय, पाव एक्स्ट्रा लागतील.

तुझा,
सुन्या

ता.क. १९६८ ची ग्रांप्री निसान जिंकली, हे तू काढशीलच म्हणून आधीच सांगतो. जिंकलेल्या त्या आर३८१ गाडीत शेवरलेचं साडेपाच लिटरचं व्ही८ होतं, कारण घरचं व्ही१२ वेळेत तयार झालंच नाही. मागचे पंख मात्र भारी, डावा उजवा वेगवेगळे हलायचे, पक्ष्यासारखे. फोटो व्हॉट्सअॅपवर टाकलाय.