शिव्यांपाशीच थांबू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मानसिक आघात आणि मेंदू यांवरच्या एका अमेरिकी समुपदेशक बाईंच्या बेधडक पुस्तकाबद्दलच्या प्रतिक्रिया रविवारच्या पुरवणीत वाचल्या. बहुतेकांचा राग त्यातल्या शिव्यांवर. आमच्या वाचन गटातही तेच झालं. मी इंग्रजीतून वाचून मराठीत सांगत होते. एक निवृत्त मुख्याध्यापक पुढच्या बैठकीला आलेच नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं, कारण ऐकण्यासारखं पुढेच होतं.

मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोका दिसला की सारासार विचार व्हायच्या आत तो शरीराला पळायला लावतो. मोठा आघात झाला, की धोका टळून वर्षं उलटली तरी तो तशाच आवाजाला, तशाच वासाला दचकतो. यात धैर्याचा काही संबंध नाही.

माझे थोरले भाऊ 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे माळवदाखाली गाडले गेले होते. गणपती विसर्जन करून गाव नुकतंच झोपलेलं, 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. आज ते पुनर्वसनातल्या पक्क्या घरात राहतात, पण झोपतात ओसरीवर, ऐन पावसाळ्यातसुद्धा. रस्त्यानं जेसीबी गेला की अनवाणी बाहेर येतात. 'मन घट्ट करा' हे त्यांना पाहुण्यारावळ्यांनी इतकी वर्षं ऐकवलं. अमिग्डलाचं ते पान मी त्यांना सांगितलं, तेव्हा म्हणाले, "ते परत सांग बरं, आन् हिलाबी ऐकू दे." वहिनींना हाक मारून शेजारी बसवलं. एरवी त्या रात्रीचा विषय निघाला की ते उठून जातात.

'हे अमेरिकेचं फॅड आहे' असं एका वाचकानं लिहिलंय. 1980 साली आघातानंतरच्या या आजाराला (पीटीएसडी) तिथल्या मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत जागा मिळाली, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल होते, हे खरं. पण आमच्या लातूर-धाराशिवकडच्या माणसांची झोप त्याच कारणानं उडाली आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. पुस्तकातले श्वासाचे व्यायाम सगळ्यांना पुरत नाहीत. ज्याला जीव नकोसा झालाय, जो दारूशिवाय झोपू शकत नाही, त्याला डॉक्टर हवा. इतक्या प्रतिक्रिया छापताना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक एका ओळीत द्यायला हवा होता. तिथे मराठीतून बोलता येतं.

एक विनंती. दर 30 सप्टेंबरला भूकंपात गेलेल्यांचे आकडे आणि स्मारकाचे फोटो छापून येतात. यंदा त्याच पानावर एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडून, वाचलेल्यांच्या झोपेबद्दल, छातीतल्या धडधडीबद्दल साध्या मराठीत लिहून घ्या. आमच्या गावात तो अंक मी घरोघरी नेऊन देईन.

आपली एक वाचक,
उमरगा, जि. धाराशिव