मोसमाआधी होडीतल्या शौचकूपाकडे बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नारळी पौर्णिमेनंतर कोळ्यांच्या होड्या समुद्रात जातात. हौशी शिडाच्या होड्यांचा मोसम त्याच्या मागून, पाऊस पुरता ओसरल्यावर सुरू होतो. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या या होड्यांची मुंबईत आणि गोव्यात आता डागडुजी चालली असेल. तळाला रंग लागतो, इंजिनाचे तेल बदलते, फाटकी शिडे शिवून येतात. राहून जाते ते हेड, म्हणजे होडीतले हाताने हापसायचे शौचकूप. घाणीचे काम म्हणून ते शेवटावर ढकलले जाते आणि शेवटी वेळच उरत नाही.

हे पत्र लिहिण्याचे कारण घाण नव्हे, सुरक्षितता आहे. हे शौचकूप होडीच्या तळाला, पाण्याच्या पातळीखाली पाडलेल्या दोन भोकांना जोडलेले असते. १९ मिलिमीटरच्या पाइपातून समुद्राचे पाणी आत येते, ३८ मिलिमीटरच्या पाइपातून मैला बाहेर जातो. ३८ मिलिमीटरचे भोक पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर उघडे राहिले, तर मिनिटाला शंभर लिटरच्या वर पाणी आत येते. नांगरावर सोडून दिलेली, आत कोणी नसलेली होडी अशा वेळी बुडायला एक रात्र पुष्कळ झाली. म्हणून वापर झाला की भोकांवरचे दोन्ही कॉक (तोट्या) बंद, आणि होडी सोडून जाताना ते बंद असल्याची हाताने खात्री, हा नियम पाहुण्यांसकट सगळ्यांना लागू हवा. कॉकची मूठ पाइपाच्या रेषेत असली की तो उघडा, आडवी असली की बंद.

यंत्र समजायला अवघड नाही. गावातला हापसा ज्याने खोलून पाहिला आहे त्याला हे दोन मिनिटांत कळेल. दांडा वर ओढला की पिस्टनखालची पोकळी भांड्यातला मैला खेचून घेते, आणि त्याच वेळी पिस्टनच्या वरचे समुद्राचे पाणी भांड्यात ढकलले जाते. दांडा खाली दाबला की खालचा मैला बाहेरच्या पाइपात जातो आणि वरच्या भागात नवे पाणी भरते. बाजूची छोटी खिट्टी ‘ओल्या’वर असली तर पाणी येते, ‘कोरड्या’वर केली तर नुसते भांडे रिकामे होते. बाहेर गेलेला मैला परत येऊ नये म्हणून बाहेरच्या तोंडाशी जोकर व्हॉल्व्ह बसवलेला असतो. बहुतेक तक्रारींचे मूळ या रबराच्या तुकड्यात सापडते.

नवा जोकर व्हॉल्व्ह हातात घेऊन उजेडाकडे धरा. त्याचे ओठ बदकाच्या चोचीसारखे मिटलेले असतात, फटीतून उजेड दिसत नाही. वर्षभर वापरलेला काढून बघा: ओठ उघडे पडलेले, कडा कडक, आणि आतल्या बाजूला करड्या-पांढऱ्या चुन्याची खरखरीत पुटे, नखाने खरवडली तर कण पडतात. समुद्राच्या पाण्यात लघवी मिसळली की त्यातले क्षार असे बसत जातात. हाच थर पाइपातही चढतो आणि ३८ मिलिमीटरचा पाइप हळूहळू निम्म्यावर येतो.

भांडे वापर नसताना आपोआप भरू लागले, तर आधी पाणी कुठून येते ते ठरवा. आत येणारा कॉक बंद करा, भांडे जवळजवळ रिकामे करा आणि उरलेल्या पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करून तासभर थांबा. पाणी चढले नाही, तर दोष आत येण्याच्या बाजूला आहे: खिट्टी ‘ओल्या’वर राहिली असेल किंवा सायफन तोडणारी कमान, म्हणजे पाणी आपोआप ओढले जाऊ नये म्हणून पाइपाला उंचावर दिलेला, हवेची झडप असलेला बाक, नीट काम करत नसेल. तरीही चढले आणि पाणी गढूळ असले, तर जोकर व्हॉल्व्ह गेला आहे, आणि बहुधा त्याच्या अलीकडची, भांड्याखालची वजनाची झडपही. शोध संपेपर्यंत बाहेरचा कॉकही बंदच ठेवा.

दांडा हलका चालतो पण पाणी येत नाही, अशा वेळी पंप खोलण्याची घाई नको. कॉक उघडा आहे का, होडीबाहेरच्या जाळीवर शेवाळ, प्लास्टिकची पिशवी किंवा बार्नॅकल (चिकटून वाढणारे शिंपल्यासारखे जीव) बसले आहेत का, पाणी आत आणणाऱ्या पाइपाची क्लिप सैल होऊन हवा ओढते आहे का, हे आधी पाहावे. सगळे ठीक असले तर पिस्टनची ओ-रिंग (रबरी कडी) झिजली आहे. मुंबई बंदराचे पाणी गाळाचे आहे. त्यातली बारीक रेती सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पाडते आणि रबर लवकर खाते. इथल्या होड्यांना वर्षाला एक दुरुस्ती संच लागतोच असे धरून चालावे.

एक चूक वारंवार दिसते, म्हणून मुद्दाम लिहितो. आत येणाऱ्या पाण्याची सायफन तोडणारी कमान पंप आणि भांडे यांच्यामध्ये हवी, कॉक आणि पंप यांच्यामध्ये नव्हे. ती पंपाच्या अलीकडे बसवली की कमानीच्या टोकाच्या छोट्या झडपेतून पंप हवाच ओढत राहतो, आणि मालक चांगला पंप बदलून बसतो. कमान होडी कलती असतानाच्या पाण्याच्या पातळीपेक्षाही निदान १५ ते २० सेंटिमीटर वर हवी. सरळ उभ्या होडीवर मोजून उपयोग नाही. टोकाची झडप मिठाने चिकटते, ती कोमट पाण्यात धुऊन परत लावावी.

दांडा खाली दाबताना जड जात असेल तर जोर लावू नका. बाहेरचा कॉक बंद राहिला असेल किंवा पाइप तुंबला असेल. जोर केलात तर पाइप नळीवरून निसटतो आणि सगळा मैला केबिनमध्ये येतो. वर-खाली दोन्हीकडे जड असेल तर सिलिंडर कोरडा पडला आहे. भांड्यात दोन चमचे गोडेतेल घालून हापसले की दोन-चार दिवस बरे जातात, पण ते तेल धुऊन जाते. खरा उपाय पंप उघडून सिलिंडरला आणि ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावणे. पेट्रोलियम जेली किंवा इंजिनाचे ग्रीस लावू नये. त्याने काही रबरे फुगतात. दांड्याच्या मुळाशी पाणी ठिबकत असेल तर वरचे सील गेले आहे. ते हाताने आवळून थांबले नाही तर बदलावे.

आता जोकर व्हॉल्व्ह बदलण्याबद्दल. दोन्ही कॉक बंद करा. खिट्टी ‘कोरड्या’वर ठेवून भांडे आधीच रिकामे केलेले असावे. तरी बाहेरच्या पाइपात पाणी राहतेच: ३८ मिलिमीटरच्या पाइपात मीटरला सुमारे १.१ लिटर मावते, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कमानीपर्यंतचा दीड मीटर पाइप दीड लिटरहून जास्त ओततो. हातमोजे, पसरट टब आणि जुने कापड जवळ घेऊन मगच स्क्रू सोडवा. नवा व्हॉल्व्ह चोच पाइपाच्या दिशेने, म्हणजे बाहेरच्या बाजूला ठेवून बसवा. उलटा बसला तर मैला जायचाच नाही. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, फार घट्ट नको. प्लास्टिकचा बूड तडकतो. मग एकेक कॉक उघडून दहा मिनिटे जोडांवरून कोरडा कागद फिरवा.

चुन्याचा थर आवरायला साधा पांढरा व्हिनेगर पुरतो. महिन्यातून एकदा रात्री अर्धा लिटर भांड्यात ओतावा, ‘कोरड्या’वर एक-दोन संथ हापसे मारून तो पंपात आणि पाइपाच्या सुरुवातीला न्यावा, सकाळी आणखी पुढे सरकवावा. लिंबूसत्त्वाचे पाणीही चालते. ब्लीच किंवा पाइन तेलाचे क्लीनर टाकू नका, रबर खराब होते. आणि ॲसिड व ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू तयार होतो, होडीच्या कोंदट खोलीत तो जीवघेणा आहे. पाइप दगडासारखा भरला असेल तर तो काढून धक्क्यावर आपटावा. थर पापुद्र्यांनी सुटून येतो. पाइप फार जुना असेल तर सरळ नवा घ्यावा.

वासाचे दोन प्रकार आहेत, त्यांचे उपायही वेगळे. आठवडाभराने पहिल्या हापशाला सडक्या अंड्यांचा वास आला, तर आत येणाऱ्या पाइपातल्या पाण्यातले सूक्ष्म जीव मरून कुजले आहेत. हात धुण्याच्या बेसिनचा निचरा या पाइपाला टी (तीन तोंडांचा जोड) लावून जोडला, तर निघताना कॉक बंद करून बेसिनमधले गोडे पाणी पंपाने ओढून घेता येते. दाबाच्या पिण्याच्या पाण्याची लाइन मात्र शौचकूपाला कधीही जोडू नये. सतत वास असेल तर पाइपाच्या रबरातूनच तो झिरपतो आहे. गरम पाण्यात पिळलेले कापड पाइपाला काही वेळ गुंडाळा, गार झाल्यावर कापडाचा वास घ्या, संशय फिटेल.

किती हापसे मारायचे हे अंदाजावर सोडू नये. भांड्यात मोजून एक लिटर पाणी घाला, ‘कोरड्या’वर पूर्ण हापसे मोजा. लिटरला चार लागले आणि बाहेरचा पाइप अडीच मीटर असला, तर त्यात २.८ लिटर मावते, म्हणजे बारा हापसे. तो आकडा भिंतीवर लिहून लावा. त्याखाली हेही लिहा: कागद, केस, सॅनिटरी पॅड, कानकाडी झाकणाच्या डब्यात. एका केसाच्या गुंत्याने झडप उघडी राहते.

कॉक महिन्यातून एकदा पूर्ण फिरवा, नाहीतर तो गरजेच्या वेळी जाम असतो. फिटिंग स्वस्त पितळेचे असेल आणि नखाने खरवडल्यावर आत गुलाबी दिसले, तर त्यातले जस्त निघून गेले आहे. ते हातात तुटून येईल, लगेच बदला. पाण्याखालच्या प्रत्येक जोडावर स्टेनलेसच्या दोन क्लिपा हव्यात, त्यांचे स्क्रू समोरासमोर. आणि प्रत्येक कॉकला, तो तुटला तर भोकात ठोकायला, मऊ लाकडाचा निमुळता गुटका दोरीने बांधून ठेवा.

मैला कुठे सोडायचा हाही प्रश्न आहे. मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या परिशिष्टात किनाऱ्यापासून ३ आणि १२ सागरी मैलांच्या मर्यादा आहेत. मोठ्या जहाजांना आणि पंधराहून अधिक माणसांच्या बोटींना त्या लागू होतात. छोट्या होडीला तो नियम लागत नसला, तरी खाडीत आणि बंदरात मैला साठवायच्या टाकीचाच वापर व्हावा. ओहोटीला चिखलात उतरून कालवे नि तिसऱ्या असे शिंपले वेचणाऱ्या बायका जे घरी नेतात, ते जीव पाणी गाळूनच जगतात. मात्र टाकी भरल्यावर ती रिकामी करायची सोय जेट्टीवर नसेल, तर मालकाने काय करावे? नव्या जेट्ट्या बांधताना मैला उपसून घेण्याचा पंप आराखड्यातच धरावा.

नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या शिडाच्या होड्या गोव्यात दिवाडला बांधल्या गेल्या. २०१७-१८ मध्ये सहा नौदल महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’वरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. अशा प्रवासात भर समुद्रात प्लंबर मिळत नाही. होडीतले प्रत्येक यंत्र चालवणाऱ्यालाच खोलता यावे लागते. शिड उभारायला शिकवणाऱ्या आपल्या क्लबांनी पहिल्याच आठवड्यात एक जुना पंप टेबलावर ठेवून प्रत्येक शिकाऊ मुला-मुलीकडून जोकर व्हॉल्व्ह एकदा काढून-बसवून घ्यावा, आणि अंधारात हाताने चाचपून दोन्ही कॉक बंद करायला लावावेत.

आपला,
शिडाच्या होड्यांच्या देखभालीचे काम करणारा एक वाचक, मुंबई