परीक्षा अर्जाच्या खिडकीवरची गळती

महोदय,

पदवी अर्धवट सुटते ती बहुधा वर्गात नव्हे, परीक्षा अर्जाच्या खिडकीवर. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये पडून राहतो, किंवा बँक खात्याचं आधार सीडिंग, म्हणजे आधारशी जोडणी, निष्क्रिय असतं. पैसे अडकतात, फी थकते, ‘आधी बाकी भरा’ ऐकून पोरगं कामाला लागतं. शिष्यवृत्तीच्या अर्जाआधी आधारच्या संकेतस्थळावर सीडिंग तपासायला पाच मिनिटं पुरतात. हे प्रवेशाच्या दिवशीच का सांगत नाहीत?

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या आराखड्यात पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडणाऱ्यालाही, त्या वर्षाचे ४० क्रेडिट (विषय उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे श्रेयांक) आणि उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केला की प्रमाणपत्र मिळतं. ३ वर्षांत परतता येतं, एकूण ७ वर्षांत पदवी पुरी करता येते. पण एक विषय जरी राहिला तरी ४० भरत नाहीत, आणि सोडून जाणाऱ्यांचे विषय राहिलेलेच असतात.

– एक वाचक