‘एन्ड्युरन्स’ सापडले ते वर्स्लीच्या आकड्यामुळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ‘एन्ड्युरन्स’ जहाजाच्या शोधाबद्दलचा लेख वाचला. विषय चांगला निवडला आहे, छायाचित्रेही सुरेख आहेत. पण कप्तानाने नोंदवलेली जागा चुकीची निघाली आणि शेवटी यंत्रमानवाने जहाज हुडकून काढले, अशा अर्थाचे एक विधान त्यात आहे. त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण खरी गोष्ट याच्या बरोबर उलट आहे.

ध्रुवीय मोहिमांचे नेते सर अर्नेस्ट शॅकल्टन यांचे हे जहाज जानेवारी १९१५ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात बर्फात अडकले. २७ ऑक्टोबरला माणसांनी ते सोडून जवळच बर्फावर छावणी केली आणि २१ नोव्हेंबर १९१५ रोजी ते बुडाले. कप्तान फ्रँक वर्स्ली यांनी जागा लिहून ठेवली: ६८° ३९′ ३०″ दक्षिण, ५२° २६′ ३०″ पश्चिम. ५ मार्च २०२२ रोजी जहाज ३,००८ मीटर खोलीवर मिळाले, ते या जागेच्या दक्षिणेला सुमारे चार मैलांवर आणि शोधमोहीम केप टाउनहून निघण्यापूर्वीच आखलेल्या शोधक्षेत्राच्या आत. शंभरहून अधिक वर्षे जुन्या नोंदीत चार मैलांचा फरक, तोही सतत सरकणाऱ्या बर्फावरून घेतलेल्या मोजणीत! याला चूक म्हणण्याआधी ती मोजणी कशी होते ते पाहायला हवे.

अक्षांश काढणे त्यातल्या त्यात सोपे. मध्यान्ही सूर्य सर्वांत उंच येतो तेव्हा त्याचे उन्नतांश (क्षितिजापासून तो किती अंश वर आहे ते) मोजायचे, ते ९० मधून वजा करायचे आणि त्या दिवसाची सूर्याची क्रांती (विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला सूर्य आहे ते) मिळवायची. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात क्रांती सुमारे २०° दक्षिण असते, म्हणजे त्या जागी मध्यान्हीचा सूर्य जेमतेम ४१ अंश वर येतो. यासाठी अचूक घड्याळ लागत नाही. लागते ते स्वच्छ आकाश, आणि सेक्स्टंटने (कोन मोजायच्या नाविकांच्या उपकरणाने) मोजायचे तर सरळ क्षितिजही. बर्फाळ समुद्रात क्षितिजाची रेघ एकसंध नसते. दाबाने उभ्या राहिलेल्या लाद्यांचे कंगोरे मध्ये येतात, आणि थंड हवेच्या थरांमुळे क्षितिज वर उचललेले किंवा खाली दबलेले दिसते. कोन मोजताना एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इकडेतिकडे झाली की अक्षांशात एक सागरी मैल चुकलाच.

रात्री ताऱ्यांवरून पडताळा घ्यावा, तर तीही सोय नव्हती. त्या अक्षांशावर नोव्हेंबरच्या अखेरीस मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली फार तर दीड अंश जातो. अंधार पडतच नाही, मग तारे कुठून दिसणार? हाताशी होता तो एकटा सूर्य, तोही ढग बाजूला झाले तर.

खरी कसोटी रेखांशाची, कारण रेखांश म्हणजे वेळ. ग्रिनिचची अचूक वेळ दाखवणाऱ्या क्रोनोमीटरवर सगळे अवलंबून. चार सेकंदांची चूक म्हणजे रेखांशात एक कला. विषुववृत्तावर ती एक सागरी मैल भरते, पण ध्रुवाकडे रेखांशाच्या रेषा जवळ येत जातात, म्हणून ६८° ३९′ वर तीच चूक सुमारे ६७५ मीटरची होते. घड्याळ एक मिनिट चुकले तर दहा किलोमीटर. क्रोनोमीटर पुढे जातो की मागे पडतो याने बिघडत नाही. रोज किती पुढे किंवा मागे, हे माहीत हवे आणि ते रोज सारखे राहायला हवे. कित्येक महिने कुठल्याही बंदराशी ताडून न पाहिलेले घड्याळ हळूहळू किती भरकटले, हे घड्याळाकडे बघून कळत नाही. फॉकलंड बेटांवरून बिनतारी यंत्रावर काही ऐकू येते का, हेही त्यांनी पाहिले. काही ऐकू आले नाही.

मग त्यांनी चंद्र वापरला. १९१५ च्या हिवाळ्यात, लांब रात्रींमध्ये, वर्स्ली आणि मोहिमेतले भौतिकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड जेम्स यांनी ताऱ्यांची पिधाने टिपली. आपल्याकडे पंचांग पाहणाऱ्यांना आणि आकाशनिरीक्षकांना पिधान हा शब्द नवा नाही: चंद्र ताऱ्यावरून सरकतो आणि तारा त्याच्या कडेआड जातो. चंद्राला वातावरण नसल्याने तारा मंद होत होत जात नाही, दिवा फुंकावा तसा एका क्षणात नाहीसा होतो. एकाने दुर्बिणीला डोळा लावून हाक द्यायची, दुसऱ्याने क्रोनोमीटरचा सेकंद लिहायचा. पुढे कोष्टकांवरून आकडेमोड केली की त्या क्षणाची ग्रिनिच वेळ मिळते आणि घड्याळाची चूक उघड होते.

यातही एक मेख होती. ताऱ्यांच्या तुलनेत चंद्र सेकंदाला साधारण अर्धी विकला सरकतो (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). पंचांगातले चंद्राचे स्थान एका विकलेने चुकले तर वेळ दोन सेकंदांनी चुकते आणि त्या अक्षांशावर जागा तीनशेहून जास्त मीटरने हलते. त्या काळची चांद्रकोष्टके इतकी नेमकी नव्हती. सुधारित कोष्टके नाविक पंचांगात १९२३ पासून आली. म्हणून २०२२ च्या मोहिमेआधी अभ्यासकांनी वर्स्लींच्या मूळ नोंदी काढल्या आणि तीच पिधाने आजच्या चांद्रगणिताने नव्याने सोडवली. हे शक्य झाले, कारण वर्स्लींनी नुसते उत्तर लिहून ठेवले नव्हते. कोन, वेळ आणि दुरुस्त्या, म्हणजे गणिताची पायरीन् पायरी वहीत होती. उत्तर जपून कच्चे आकडे फेकून दिले असते तर शंभर वर्षांनंतर दुरुस्त करायला हाती काय उरले असते?

आता त्या चार मैलांचे. जहाज बुडाले त्या सुमारास आकाश झाकोळलेले होते. दुसऱ्या दिवशी, २२ नोव्हेंबरला, सूर्य मिळाला आणि तिथून मागे मोजत बुडण्याच्या क्षणाची जागा ठरवावी लागली. मधल्या तासांत बर्फ किती आणि कोणत्या दिशेने वाहिला, हा अजमास. शिवाय मोजणी छावणीवरची, आणि जहाज तिथून सुमारे दीड मैलावर, म्हणजे दिशा आणि अंतर धरून आणखी एक दुरुस्ती. जहाज मुख्यतः दक्षिणेला सापडले, म्हणजे फरक अक्षांशात जास्त. अक्षांशाला घड्याळाची गरज नसते, हे वर आलेच आहे. म्हणून आमचे मत असे की हा फरक क्रोनोमीटरपेक्षा ढगाआड गेलेल्या तासांतल्या बर्फाच्या वाहण्यात शोधावा. तुलनेसाठी ‘टायटॅनिक’ घ्या. तिने बिनतारी संदेशात कळवलेली अखेरची जागा आणि १९८५ साली सापडलेले अवशेष यांत सुमारे १३ सागरी मैलांचे अंतर आहे, आणि तिथे त्याच संध्याकाळी ताऱ्यांवरून घेतलेली मोजणी हाताशी होती.

यंत्रांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. फक्त त्यांचे काम कुठून सुरू झाले ते नीट सांगावे. तीन किलोमीटर खोल पाण्यात ४४ मीटर लांबीचे लाकडी जहाज शोधायचे, तर ध्वनिलहरींचे उपकरण तळाजवळ न्यावेच लागते. तळाजवळून जाणारे यंत्र एका फेरीत ठरावीक रुंदीचाच पट्टा पाहते, मग शेत नांगरावे तसे शेजारी शेजारी पट्टे घेत जायचे. वर्स्लींचा आकडा नसता तर हे शेत अख्ख्या वेडेल समुद्राएवढे झाले असते.

लेखात २०१९ च्या मोहिमेचा उल्लेखच नाही, आणि तिच्याशिवाय २०२२ चे यश समजत नाही. तीही ‘एन्ड्युरन्स’च्याच शोधात होती, आणि दोन्ही मोहिमांचे जहाज एकच, दक्षिण आफ्रिकेचे ‘एस. ए. अगुल्हस २’. २०१९ ला पाण्यात सोडलेले यंत्र पूर्ण स्वयंचलित होते, वर जोडणारी तार नव्हती. ते बर्फाखाली गेले, संपर्क तुटला आणि परत आले नाही. मोकळ्या समुद्रात असे यंत्र बिघडले तर वर येऊन तरंगते, बोट पाठवून उचलता येते. इथे वर येऊन ते बर्फाच्या लादीला खालून चिकटणार, आणि ती लादी स्वतःच वाहत असणार. जमवलेली सगळी माहिती यंत्राच्या पोटात असल्याने यंत्राबरोबर तीही गेली.

२०२२ साली साब कंपनीची सेबरटूथ यंत्रे नेली. ती स्वयंचलितही चालतात आणि बारीक ऑप्टिकल फायबरच्या तारेवरही. तारेमुळे तळाचे चित्र त्याच क्षणी जहाजावर दिसते, संशयास्पद काही दिसले तर तिथेच थांबून जवळ जाता येते, आणि यंत्र गमावले तरी तोवरची माहिती वर पोहोचलेली असते. तारेची अडचण वेगळी: बर्फाच्या कडेला ती घासू शकते, जहाजाच्या पंख्यात अडकू शकते. त्यात जहाज स्वतः बर्फाबरोबर वाहत असते. बर्फ ताशी अर्धा सागरी मैल सरकत असेल तर सहा तासांच्या बुडीत यंत्र सोडण्याची आणि उचलण्याची जागा तीन मैलांनी बदलते. म्हणून शोधायच्या पट्ट्यावर थेट जाऊन थांबण्यात अर्थ नसतो. बर्फ कुठे नेणार आहे याचा अंदाज घेऊन, बर्फ जिकडून वाहत येतो त्या बाजूला जहाज आधीच लावावे लागते. जहाजच पोहोचू शकले नाही तर हेलिकॉप्टरने सामान नेऊन बर्फावर छावणी मांडायची आणि भोक पाडून यंत्र सोडायचे, अशी पर्यायी तयारीही होती. तिची वेळ आली नाही.

सापडल्यावर दिसले ते असे. जहाज तळावर सरळ बसलेले, डोलकाठ्या पडलेल्या, सुकाणूचे चाक जागच्या जागी. मागच्या बाजूला कमानीत ‘एन्ड्युरन्स’ हे नाव अक्षर न् अक्षर वाचता येते आणि त्याखाली पाच टोकांचा तारा आहे. हे जहाज नॉर्वेत १९१२ मध्ये पाण्यात उतरले तेव्हा त्याचे नाव ‘पोलारिस’, म्हणजे ध्रुवतारा, असे होते. तो तारा ही त्याची खूण.

लाकूड इतके कसे टिकले, याचे श्रेय आपल्या लेखात नुसत्या थंडीला दिले आहे. ते पुरेसे नाही. लाकूड पोखरणारे शिंपल्यांच्या जातीचे किडे त्या पाण्यात नाहीत. अंटार्क्टिकाभोवती फिरणारा सागरी प्रवाह त्यांना आत येऊ देत नाही, आणि त्या खंडावर झाडेच नसल्याने त्यांना खायलाही काही नाही. आपल्या किनाऱ्यावर नेमके उलटे आहे. गोव्याजवळच्या सुंची रीफवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी जुन्या जहाजाचे अवशेष अभ्यासले, तेव्हा हाती आले ते प्रामुख्याने तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी असे न कुजणारे सामान. अरबी समुद्राच्या उबदार, उथळ पाण्यात उघडे लाकूड फार काळ राहत नाही.

तळावरून काय काय वर आणले, असा प्रश्न लेखाच्या शेवटी आहे. उत्तर सरळ आहे: काहीही नाही. अंटार्क्टिक करारानुसार हे जहाज सापडण्याआधीच, २०१९ साली, संरक्षित ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंदले गेले आहे. मोहिमेने त्याला हातही लावला नाही, फक्त छायाचित्रे आणि मोजमापे घेतली. अशा पंचवीस हजारांहून अधिक छायाचित्रांतून पुढे जहाजाची त्रिमितीय प्रतिकृती तयार झाली. तिच्यात ताटल्या दिसतात, एक बूट दिसतो.

एक विनंती. हा विषय पुन्हा छापाल तेव्हा सोबत छोटा नकाशा द्यावा. त्यावर दोनच टिंबे पुरेत, एक वर्स्लींच्या नोंदीचे आणि एक जहाजाचे. जोडीला मैलांची मोजपट्टी आणि जानेवारी ते नोव्हेंबर १९१५ मध्ये बर्फाने जहाजाला जिथून जिथे वाहून नेले ती वाकडी रेघ. त्या लांब रेघेच्या टोकाशी ती दोन टिंबे किती जवळ आहेत, हे वाचकांना स्वतःच पाहता येईल.

आपले,
नौकानयनशास्त्राचे अभ्यासक काही वाचक
रत्नागिरी